फोनातला आचारी

आमच्यात कुणाच्याच फोनात कुणाचं खरं नाव नाही. म्हणून मी इथंही कुणाचं लिहिणार नाही. सवय म्हणा, भीती म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

कर्जतला दोघीजणी एकत्र राहतात. एक नर्स आहे, दुसरी किराणा दुकानात बसते. घरमालकाला त्यांनी नणंद-भावजय म्हणून सांगितलंय आणि तो बिचारा सगळ्या गावाला त्यांचं उदाहरण देतो. माझ्या फोनात त्या ‘बोअरवेल कर्जत’ आहेत. नगरचा शिंपी, पाच वेळचा नमाजी, चार पोरांचा बाप, तो ‘गॅस एजन्सी’. नगरच्याच तृतीयपंथी मावशी तेवढ्या त्यांच्या नावानं होत्या, कारण त्यांचं लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही. पण त्यांनी मला झापलं. “समद्यांना काय काय दिलंस, मीच काय घोडं मारलंय?” मग त्या ‘ट्रॅक्टर मिस्त्री’ झाल्या.

आणि मी राहुरीत राहतो, लग्नाकार्याचा स्वयंपाक करतो, पन्नाशी गाठली. ज्या माणसावर माझा जीव आहे त्याच्या फोनात मी वीस वर्षं ‘आचारी’ आहे. त्यात खोटं काहीच नाही, आणि आचाऱ्याच्या फोनाचा संशय कुणाला येणार? तो पुणतांब्याजवळच्या एका विनाअनुदानित शाळेत गणित शिकवतो. मी त्याला मास्तर म्हणतो, तोंडावरसुद्धा.

पुण्या-मुंबईकडे आमच्यासारख्यांची मिरवणूक निघते, रंगीत झेंडे घेऊन. चांगलंच आहे. आमच्याकडे मिरवणूक निघते ती गणपतीची, नाहीतर नवरदेवाची, आणि दोन्ही वेळेला मी मागं पातेल्यापाशी असतो.

दिवाळीत ज्याला त्याला आपापल्या घरी तोंड दाखवावं लागतं. ज्याला घर उरलेलं नाही तो तर त्या चार दिवसांत खोलीचं दार लावूनच बसतो. म्हणून आमची दिवाळी तुळशीच्या लग्नाला, माझ्या शेडमध्ये, जिथं माझ्या भट्ट्या आणि मोठी भांडी असतात. चार ऊस बांधून मांडव करायचा. अंतरपाट शिंप्यानं उरल्यासुरल्या जरीचा शिवलाय. मंगलाष्टका मावशी म्हणतात, निम्म्या पाठ आणि निम्म्या मनाच्या. आम्हा सगळ्यांसाठी जगात एवढं एकच लग्न असं आहे, जिथं कुणी पाठीवर थाप मारून “आता तुझा नंबर” म्हणत नाही. मी किती लग्नं जेवू घातली त्याची गणती नाही, पण अक्षता टाकायला मिळतात त्या इथंच.

त्याआधी, कोजागिरीपासून, सगळे मिळून ऑर्डरीचा फराळ करतो. जो पैसा येतो तो ज्याच्यावर वेळ आली असेल त्याचा. मागच्या वर्षी घरातून काढून दिलेल्या एका पोरीच्या खोलीचं भाडं भरलं. त्याच्या आदल्या वर्षी मावशींच्या गुडघ्याचं बघितलं.

यंदा कोजागिरी होऊन दोनच दिवस झाले होते. भरदुपारी मी चिवड्याचा मसाला भाजत होतो. मास्तरचा फोन आला. “बोल रे” म्हणणार, तेवढ्यात पलीकडून बाईचा आवाज.

“तुमी आचारी का?”

“हो.”

“मी त्याची बहीन. गाडीला कुत्रं आडवं आलं, मांडीचं हाड मोडलंय, नगरला दवाखान्यात आनलंय. इंजेक्शन देऊन झोपवलंय त्याला. कुनाला कळवावं म्हनून फोन बघितला, तर समद्यात जास्त तुमाला लावलेले. सकाळी हाय, संध्याकाळी हाय.” मग आवाज एकदम खाली आला. “दादा, खरं सांगा. माज्या भावाचं लग्न ठरलंय का?”

मला फक्त हाड मोडल्याचं ऐकू आलं होतं. बाकीचं डोक्यात शिरायच्या आधी तोंडानं धंद्याची सवय बोलून टाकली. दिवाळीच्या आधी कुणी लग्नाचं विचारलं की कुठलाही आचारी जे सांगतो तेच मी सांगितलं. “तुळशीचं लग्न होऊ द्या ताई, मग तारीख बघू.”

ती रडायला लागली. भाऊ दवाखान्यात पडलाय आणि बाई आनंदानं रडतेय. मी फोन ठेवला तेव्हा मसाला करपला होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तेव्हा मला तेवढंही सुचलं नाही. मी भट्टी विझवली आणि मिळेल त्या जीपनं नगर गाठलं.

दवाखान्याच्या जिन्यात ती बसली होती. मास्तरपेक्षा आठ वर्षांनी मोठी. तो तिला अक्का म्हणतो. आईवडील लवकर गेले, हिनंच त्याला वाढवला, आणि लग्न झाल्यावर सासरच्या घरामागची खोली नवऱ्याशी भांडून भावाला मिळवून दिली. हे सगळं मला वीस वर्षं माहीत होतं. तिला माझं काहीच माहीत नव्हतं. तिनं मला बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

“आचारीभाऊ, मुलगी तुमी बघितलीय का?”

तिथंच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “बघितलीय.”

“कशी हाय?”

“सावळी आहे.”

“स्वयंपाक येतो?”

“बरा येतो.”

“सोभावानं?”

“तोंडाची तिखट आहे. आणि वयानं जरा थोराड.”

ती हसली. “असू द्या. आमचं बी काय कवळं न्हाई.”

मीही हसलो, आणि ती भाकरी खाल्ली.

ऑपरेशन तीन दिवसांत करायला हवं होतं. मास्तरच्या शाळेचा पगार म्हणजे आला तर आला, त्यामुळं गाठीला काही नाही. अक्का हातातल्या पाटल्या काढायला निघाली. मी म्हटलं, थांबा, आमची माणसं बघतील. तिला वाटलं, आमची माणसं म्हणजे वाढपी आणि भांडीवाल्या.

मग मी फिरलो. दरवर्षी फराळ दिल्यावर पैसे घेतो, यंदा आधी मागितले. कारखान्याच्या कॉलनीत गेलो, जुन्या गिऱ्हाइकांच्या दारात उभा राहिलो. एका शिक्षकाचं ऑपरेशन आहे म्हटलं की लोक देत होते. पाच किलोची ऑर्डर सात किलोची करत होते. चांगली माणसं आहेत, त्यांच्या घरच्या बारशांना मी जेवण केलंय. तरी प्रत्येक पायरी उतरताना मनात यायचं, खरं सांगितलं असतं तर हाच हात खिशात गेला असता का? आजही मला त्याचं उत्तर माहीत नाही. एका काकूंनी सहज विचारलं, “तुमचे कोण हे मास्तर?” मी म्हणालो, “ओळखीचे.”

त्या एका शब्दाची मला इतकी चीड आली की पुढच्या घरी मी बेल वाजवली नाही. कोपऱ्यावर जाऊन थोडा वेळ नुसता उभा राहिलो.

पैसे वेळेत जमले, ऑपरेशन नीट झालं. आणि मग आठ दिवस शेडमध्ये आम्ही मरेस्तोवर राबलो, कारण पैसे घेऊन बसलो होतो आणि चकली एक झालेली नव्हती. कर्जतच्या दोघी रजा टाकून आल्या. मावशींनी चकलीचा सोऱ्या कुणाच्या हाती दिला नाही. शिंपी दुकान बंद करून संध्याकाळी यायचा आणि करंज्यांच्या कडा अशा दुमडायचा की कातणं लाजावं. नर्सबाई दर तासाला मला विचारायची, “सांगितलंस का तिला?” मी म्हणायचो, बेसन ढवळ.

मास्तर जरा सावरला, तेव्हा अक्कानं विषय काढायच्या आत मी त्याला लग्नाचं सांगितलं. आधी टाके दुखेपर्यंत हसला. मग भिंतीकडं तोंड करून रडला.

“आईची साडी आहे तिच्या पेटीत,” तो म्हणाला. “माझ्या बायकोसाठी ठेवलेली. दर दिवाळीला ऊन देते तिला. आणि तू तारीख दिलीस.”

“मग राहू दे तसंच. मोडलं म्हणून सांगू. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ झाकून झाकून माझी बोटं आखडली,” तो म्हणाला. “अक्का तुटली तर मला घर नाही, हे मला कळतं. पण तिनं माझं हगणं-मुतणं काढलंय या आठ दिवसांत. तिला आता फसवणार नाही मी.”

भाऊबीजेला तो तिच्याकडंच होता. तिनं ओवाळलं. त्या ताटासमोर सांगायला त्याची जीभ रेटेना. एवढंच म्हणाला, अक्का, राहुरीला तुळशीच्या लग्नाला चल, तिथं दाखवतो.

ती आली. जीपमधून आधी वॉकर उतरला, मग तो, मग ती. काखेत कापडी पिशवी. पिशवीत काय आहे ते मला विचारावं लागलं नाही.

शेडमध्ये मांडव तयार होता. तुळशीला हळद लावून झाली होती, बोरं-आवळे-चिंचा वाहिल्या होत्या. अक्कानं मावशींना बघितलं, जरा थबकली, पण नमस्कार केला. मग तिची नजर बायकांवर फिरली. नर्सबाईपाशी थांबली. सावळी, उंच, चेहऱ्यावर तिखटपणा आहेच. अक्का तिच्यापाशी गेली आणि तिच्या हनुवटीला हात लावला.

नर्सबाई म्हणाली, “मी नाही हो ताई.” इतक्या हळू आवाजात तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मास्तर वॉकरला धरून उभा होता. तो म्हणाला, “अक्का, मुलगी नाही. मुलगी कधीच नव्हती. हा आहे. वीस वर्षं झाली.”

आणि त्यानं माझ्याकडं हात केला. माझ्या हातात पंचामृताची वाटी होती. ती कुठं ठेवावी ते मला सुचेना.

अक्का माझ्याकडं बघत राहिली. “तुमी जिन्यात माज्या डब्यातली भाकर खाल्ली,” ती म्हणाली, “आन खोटं बोलला.”

“व्हय,” मी म्हणालो. “खोटं बोललो. पोरीबद्दल जे सांगितलं ते माझंच होतं, पण खोटंच होतं.”

ती बाहेर गेली. शेडच्या मागं ऊस आहे, तिथं बांधावर बसली. मास्तर तिच्यामागं जायला निघाला तर मावशींनी त्याला खांद्याला धरून बसवला. “बसू दे तिला,” त्या म्हणाल्या. “तुला वीस वर्षं लागली बोलायला. तिला वीस मिनिटं तरी दे.”

कर्जतच्या नणंद-भावजय एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या आणि यंदा सोडायचं विसरल्या. शेवटी शिंपीच म्हणाला की दिवस बुडतोय, लावून घेऊ या लग्न. आम्ही अंतरपाट धरला. मावशींनी पहिली मंगलाष्टका सुरू केली, दुसरी सुरू केली, आणि माझं सगळं लक्ष दाराकडं. लहानपणापासून मी देवाकडं फारसं काही मागितलेलं नाही. त्या दिवशी मागितलं, या माणसाचं घर राहू दे.

तिसरीच्या मध्यावर ती आत आली. डोळे सुजलेले. कुणाकडं न बघता परातीतल्या अक्षता उचलल्या आणि भावाच्या शेजारी उभी राहिली. अंतरपाट निघाला तेव्हा तिनं टाकलेल्या अक्षता तुळशीवर पडल्या, थोड्या माझ्या खांद्यावर पडल्या. मुद्दाम टाकल्या की नेम चुकला, ते तिला मी विचारलेलं नाही.

साडी तिनं पिशवीतून काढली नाही. जेवली, पण माझ्याशी बोलली नाही. बासुंदी मी स्वतः वाढली, ती तिनं वाटीतच ठेवली. निघताना पिशवी परत काखेत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि राग आला तो माझाच, कारण त्या बाईची वीस वर्षांची आशा मी जिन्यात बसून वाढवली होती.

जीप चालू झाली. मास्तर पुढं बसला. ती चढता चढता थांबली, खाली उतरली आणि भावाच्या खिशातून त्याचा फोन काढून घेतला. कपाळाला आठ्या घालून, एका बोटानं वर-खाली करत तिनं ‘आचारी’ शोधलं आणि फोन घेऊन माझ्यासमोर आली.

“नाव काय तुमचं?”

वीस वर्षांत त्याच्या घरच्या माणसानं मला हे पहिल्यांदा विचारलं. मला माझंच नाव चटकन आठवेना. मग सांगितलं. तिनं एकेक अक्षर दाबत ते लिहिलं, मला दाखवलं, आणि बरोबर आहे म्हटल्यावर फोन परत त्याच्या खिशात घातला.