जयंतीच्या तोंडावर खरवडलेल्या भिंती

आमच्या वस्तीत दिवाळीला कुणी भिंतीला हात लावत नाही. रंगरंगोटी होते ती जयंतीला. एप्रिल लागला की घराघरातून ओल्या चुन्याचा वास सुटतो. मी अहमदपूरला शाळेत शिकवते, पण जयंतीच्या आधी सकाळच्या एसटीनं गावी, शिरूर अनंतपाळच्या अलीकडं, हजर व्हावंच लागतं. नाही गेले तर माय फोनवर असं काही सुनावते की त्यापरीस चुन्याची बादली बरी.

त्या वर्षीही आम्ही सगळी वस्ती झकास रंगवली. घरं, विहार, हातपंपाचा ओटासुद्धा. आणि तिथंच घात झाला.

आदल्या पावसाळ्याच्या शेवटी वरच्या धरणाचं पाणी सुटलं आणि नदी वस्तीत शिरली होती. आमच्या घरात कमरेइतकं पाणी. ओसरलं तेव्हा विहारापासून पार शेवटच्या घरापर्यंत भिंतीभिंतीवर काळ्या मातीचा पट्टा उरला. सगळा हिवाळा आम्ही तो बघत काढला. जेवायला बसलं की समोर तोच. जयंतीला असली घाण कोण ठेवील? दिले चुन्याचे दोन हात, दाबून.

चुना वाळतो न वाळतो तोच मोजणीवाले आले. नदीकाठी पूरसंरक्षक भिंत बांधायला राज्य सरकारनं पैसे मंजूर केले होते, आणि ती कुठून कुठवर बांधायची हे पुराच्या खुणा बघून ठरणार होतं. बाजाराकडच्या गोदामांना बापजन्मी रंग लागलेला नाही, त्यामुळं तिथं पट्टा जसाच्या तसा. आमच्याकडं सगळं पांढरंशुभ्र. एक तरणा इंजिनियर वस्तीभर हिंडला आणि म्हणाला, इथं पाणी आल्याची खूण काही दिसत नाही. भिंत वस्तीच्या अलीकडच्या वळणावरच थांबणार होती.

ह्याचा अर्थ सांगायला इंजिनियर लागत नाही. बाजाराकडून पाण्याला मज्जाव केला तर ते काय गुपचूप धरणात परत जाणार? ते दुप्पट जोरानं आमच्याच दारात येणार. आधी पूर आला होता, आता तो सरकारी खर्चानं येणार होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला गाठलं. तलाठ्यानं घरोघर पंचनामा केलाय म्हटलं, तर म्हणे ते खातं वेगळं, आमचं खातं वेगळं. मोबाईलमधले फोटो दाखवले, तर म्हणे पाणी दिसतंय हो ताई, पण उंची कळत नाही. मी विचारलं, पाणी घरात शिरताना खातं विचारून शिरलं होतं का?  शेवटी तो बिचारा घाम पुसत म्हणाला, परवा उरलेल्या मोजणीला येतोय, तोवर खूण सापडली तर दाखवा.

संध्याकाळी विहारात सगळे जमले. मी सरळ सांगितलं, चुना खरवडा, पट्टा खाली आहे. झालं, माझ्यावरच तुटून पडले. जयंती तोंडावर आली, लेकी-जावई यायला लागलेत, मिरवणूक ह्याच गल्लीतून जाणार, आणि ही म्हणते भिंती उकरा! शिकून डोकं फिरलंय, इथपर्यंत मजल गेली. कुणी म्हणालं, गावासमोर काय इज्जत राहील?

 माय उठली, घरी गेली आणि चुलीपाशी टांगलेलं लोखंडी उलथनं घेऊन दाराशेजारच्या भिंतीला भिडली. आम्ही सगळे मागोमाग. खर्रर्र खर्रर्र चुन्याचे पापुद्रे पडत होते, माझ्याच हातानं दिलेल्या चुन्याचे. आणि मग तो दिसला, काळा पट्टा, गिलाव्यात मुरलेला, जागचा हललेला नव्हता.

"इज्जत भिंतीला नसतीय," ती मागं न बघता म्हणाली. "घर ऱ्हायलं तर रंग देता येतोय."

त्यानंतर वस्तीतलं एक उलथनं चुलीपाशी राहिलं नाही. खुरपी आली, विळे आले. जे मला वेडी म्हणत होते तेच शेजाऱ्याला सांगत होते, नीट खरवड, रेघ मोडू नको. लई समाधान वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

इंजिनियर आला तो गल्लीच्या तोंडाशीच थबकला. पांढऱ्या भिंती आणि त्यांच्या पोटातून आरपार गेलेला काळा पट्टा. घरोघरी उंची मोजली, सगळीकडं मेळ बसला. वस्ती नकाशात घेतली. जाताना भला माणूस म्हणाला, आता रंग देऊन टाका, सण आहे तुमचा. माय म्हणाली, भिंत हुईल त्या दिशी देऊ.

जयंती आम्ही तशाच भिंतींत केली. निळे झेंडे वर आणि खरवडलेला पट्टा खाली. पाहुणे विचारत, आम्ही ताठ मानेनं सांगत होतो.

वर्ष उलटलं. भिंतीचा दगड काही आला नाही. मग एक दिवस निरोप आला की भूमिपूजनाला मोठी मंडळी येणार आहेत. त्यांच्या आधी एक साहेब गाडीत रंगाचे डबे घेऊन हजर. फोटोत वस्ती चांगली दिसली पाहिजे, रंग सरकारचा, मजूर आमचे, तुम्हाला बोट हलवायला नको, असं गोड गोड बोलत होता. खूण पुसायची म्हटलं की ह्यांना एकच खातं पुरतं!

मी तोंड उघडणार तेवढ्यात माय उंबऱ्यावर येऊन बसली. भाकरी टाकून आली होती, हातात उलथनं तसंच.

"लावा की रंग, साहेब," ती म्हणाली. "तुमी पुढं चला. मी मागून खरवडीत येते."