शेजारच्या खुर्चीला सांगा

आमेनकाकांचं खरं नाव गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. दाढी झाली की गालावर तुरटी फिरवायची, टॉवेल झटकायचा आणि मोठ्यांदा "आमेन!" म्हणायचं, ही त्यांची पद्धत. माणूस प्रेमळ, हात हलका, आणि जिभेला सुट्टी म्हणून नाही. हवापाण्यापासून स्वर्गाच्या वाटेपर्यंत सगळं एका दाढीत ऐकायला मिळायचं. फक्त एका माणसाशी ते बोलत नसत, आणि तो हाताच्या अंतरावर उभा असे. त्यांचा धाकटा भाऊ. दुकान एक, आरसा एक, खुर्च्या दोन, आणि दोघांत अबोला!

पण दुकान चालवायचं तर बोलावं लागतंच. मग ते टपाल गिऱ्हाइकाच्या गळ्यात. काका आपल्या खुर्चीतल्या माणसाला म्हणायचे, "मास्तर, शेजारच्या खुर्चीला सांगा, बारीक कात्री इकडे द्या म्हणावं." मास्तरांनी सांगायला तोंड उघडलं की साबणाचा फेस तोंडात. तोवर धाकट्याने कात्री पुढे केलेलीच असे, वर तो म्हणे, "मास्तर, त्यांना सांगा, आजच धार लावलीय, बोट सांभाळा." नवखा माणूस हसून बेजार व्हायचा. जुने हसत नसत, कारण त्यांना अबोल्याचं मूळ ठाऊक होतं.

मूळ म्हणजे वडिलांची मिशी. हसू नका हं! ती मिशी म्हणजे दुकानाची पाटीच होती. वडील अंथरुणाला खिळले तरी थोरला रोज सकाळी ती विंचरून टोकं वळवून द्यायचा. एकदा तो कामाला बाहेर गेला, आणि येऊन बघतो तर बापाचा ओठ कोरा करकरीत, धाकट्याच्या हातात वस्तरा. थोरल्याचं डोकंच फिरलं. "आजपासून माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही," असं तो भर घरात ओरडला. त्याच आठवड्यात वडील गेले. मिशी का काढली, हे विचारायचं राहूनच गेलं.

आणि हा माणूस रोज सकाळी गुडघे टेकून प्रार्थना करायचा बरं का. डोळे मिटले की मनात एकच गोष्ट स्पष्ट उमटायची: भावाशी बोल. काकांना ती कुणाची आज्ञा आहे हे पक्कं कळायचं, म्हणून तर ते घाईघाईने दुसरा विषय काढायचे. मग चर्चच्या खिडक्या पुसून झाल्या, बाकांना रंग देऊन झाला, आजारी लोकांच्या घरी जाऊन फुकट केस कापून झाले. देवाला सगळं दिलं, त्याने मागितलेलं तेवढं सोडून. बायको एकदा वैतागून म्हणाली, "अहो, प्रार्थनेत त्यालाही जरा बोलू द्या की." काका चिडले, कारण ते खरं होतं. प्रार्थना आताशा घशाखाली उतरत नव्हती. दुकानातलं "आमेन"सुद्धा नुसतं टॉवेल झटकण्यापुरतं उरलं होतं.

तशात धाकट्याचा आवाज बसला. काय आवाज होता हो त्याचा! जाडा, भरदार, रस्त्यापलीकडे पोचणारा. आधी घोगरा झाला, मग फाटला. काकांनी काढा करून दिला तोही गिऱ्हाइकाच्या हाती. शेवटी तपासण्या झाल्या आणि काकांच्या बायकोने बातमी आणली. घशात गाठ होती. "परवा ऑपरेशन आहे. जीव वाचेल, पण आवाज कायमचा जाणार. आत्ताच्या आत्ता जा आणि बोला त्याच्याशी."

काकांनी काय करावं? उपास धरला! चर्चमध्ये जाऊन रडले, "प्रभू, त्याचा आवाज वाचव, मग मी पहिला जाऊन बोलतो." आतून उत्तर तेच: आत्ता जा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते हॉस्पिटलात गेलेही, अगदी खोलीच्या दारापर्यंत. आतून भावाचं फाटक्या आवाजातलं बोलणं ऐकू येत होतं. मी हाक मारली आणि त्याने तोंड फिरवलं तर? एवढ्या भीतीपायी हा देवभोळा माणूस पाय न वाजवता जिना उतरला.

ऑपरेशन झाल्यावर मात्र त्यांना राहवेना. गळ्याला पट्ट्या बांधलेल्या भावाच्या उशाशी बसून त्यांनी एकदाचं तोंड उघडलं. "चुकलो रे मी. माफ कर." भावाने दोन्ही हातांनी त्यांचा हात घट्ट धरला. ओठ हलले, पण आवाज उमटला नाही.

पलंगापाशी उभी असलेली भावजय म्हणाली, "भाऊजी, मिशी बाबांनीच काढायला लावली होती. औषध सांडून भिजायची, त्यांना किळस यायची. थोरल्याला सांगू नकोस म्हणाले, तो रडेल."

"अगं, मग याने मला एका शब्दाने सांगू नये?"

"तुम्हीच म्हणालात ना, एक शब्द बोलायचा नाही. त्यांनी तुमचं ऐकलं."

काकांना आता उमगलं. थोरल्याचा रागात टाकलेला शब्द या वेड्याने इतकी वर्षं पाळला होता. आणि आपण कुणाचा मोडत होतो!

आता दुकान पुन्हा दोघं चालवतात. कुणी म्हणालं की देवाने शिक्षा केली, तर काका वस्तरा थांबवून सुनावतात, "माझ्या चुकीपायी त्याला आजार देईल, असा देव नाही तो. मला मात्र त्याने रोज सांगितलं, तेव्हा आवाज होता. मी गेलो तेव्हा नव्हता. एवढंच." क्षमा झाली, याची त्यांना शंका नाही. प्रार्थनेत आता ते बराच वेळ गप्प असतात.

परवा भावाकडे जेवायला गेले होते. जेवता जेवता त्यांनी भावजयीला विचारलं, "अबोल्याच्या दिवसांत हा घरी मला काय म्हणायचा गं?"

"दादा. दुसरं काय? रोज तुमचं नाव निघायचं. दादाला विचारायला हवं, दादाला हे आवडेल."

"कसं म्हणायचा? म्हणून दाखव ना."

तिने म्हणून दाखवलं. तिचा आवाज बारीक. "असं नाही गं," म्हणता म्हणता काकांचा हात ताटातच थांबला, डोळे भरून आले.

समोर बसलेल्या धाकट्याने घास खाली ठेवला. त्यांच्याकडे बघून त्याने सावकाश, नीट, दोनदा ओठ हलवले. आवाज नाहीच.

"ओ," काका म्हणाले. "ओ रे, बोल."