कोरा थेंब

लसूणबाई हे नाव लॅबमध्ये कोणी पाडलं ते कधी कळलं नाही. तोंडावर ते कोणी घेत नसे, पण बाईंना ते पहिल्या वर्षापासून माहीत होतं. नाव चुकीचंही नव्हतं. बाई जे रेणू बनवायच्या त्यांना गंधकाने जोडलेल्या लांब शेपट्या लावाव्या लागत, आणि त्या शेपट्यांचा कच्चा माल असा घाण वास मारायचा की त्याच्यापुढे कुजका लसूण अत्तर वाटावा. हातमोजे घाला, वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच काम करा, घरी येऊन दोनदा अंघोळ करा. वास केसांत राहायचाच. लिफ्टमध्ये माणसं छताकडे बघत उभी राहायची. सख्खी बहीण घरी आली की एक खुर्ची सोडून बसायची. मुलगी दहा वर्षांची असताना म्हणाली होती, "आई, शाळेत बाबांनाच पाठव ना." नवरा बिचारा कधी बोलला नाही. बाईंचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवून तो गॅलरीत, पार टोकाला, वाळत घालायचा. सव्वीस वर्षं घातले त्याने.

बाईंना स्वतःला त्या वासाची शिसारी यायची. सवय होते म्हणतात, ती त्यांना झाली नाही. तरी हे सगळं त्यांनी सोसलं ते एका चित्रासाठी.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बाईंनी बनवलेला रेणू एका तेलकट द्रावात विरघळवून त्याचा थेंब ग्राफाइटच्या चकतीवर ठेवला होता. वरून सुई फिरवायची. तिचं टोक इतकं बारीक की खालच्या एकेका रेणूचा उंचवटा तिला जाणवतो आणि पडद्यावर नकाशा उमटतो. ते यंत्र चालवणाऱ्याला सगळे सुईवाला म्हणत. त्या दुपारी सुईवाल्याने हाक मारली, बाई गेल्या, आणि पडद्यावर ओळी होत्या. कोणी न हलवता, न रचता, रेणू आपले आपण येऊन शेजारी शेजारी बसलेले. वर्गात मास्तर नसताना पोरांनी रांगेत बसावं तसे. बाई तिथल्याच स्टुलावर बसल्या आणि चक्क रडल्या.

त्या चित्रावर लॅबचे प्रमुख, म्हणजे सर, मोठे झाले. भाषणं झाली, परदेशवाऱ्या झाल्या, लॅबला नवा मजला मिळाला. इमारतीच्या दारात ते चित्र नारिंगी रंगात, माणसाच्या उंचीचं लागलं. लेखावर पहिलं नाव सरांचं, दुसरं सुईवाल्याचं, तिसरं बाईंचं. स्वयंपाक करणारीचं नाव ताटावर थोडंच लिहितात. बाईंनी ते मनाला लावून घेतलं नाही. एक प्रत त्यांनी घरी जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर लावली होती. पाहुणे विचारत, हे काय, पडद्याचं कापड का? नवरा सांगायचा, "हिचे रेणू आहेत." तेवढं त्यांना पुरत होतं.

बाईंच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले तेव्हा सरांना एक शेवटचा लेख हवा होता, त्याच रेणूच्या धाकट्या भावाचा. शेपटी छाटून तिच्यात अठराऐवजी बाराच कड्या ठेवायच्या. बाईंनी तो बनवला. सुईवाल्याने चित्र काढलं. पुन्हा सुंदर ओळी. सरांनी बाईंची पाठ थोपटली आणि लगेच हात रुमालाला पुसला.

बाईंनी मात्र पट्टी घेतली. दोन ओळींमधलं अंतर मोजलं, जुन्या चित्रातलं मोजलं, आणि पुन्हा मोजलं.

"अहो, शेपटी एवढी छाटली," त्या सुईवाल्याला म्हणाल्या, "मग ओळी जवळ यायला नकोत?"

"यायला पाहिजेत खरं तर."

"केसभरही हलल्या नाहीत."

"मला काय, बाई. दिसतं ते मी दाखवतो."

बाईंच्या पहिल्या गुरूंनी एक शिस्त लावली होती. नमुना ठेवण्याआधी नुसत्या द्रावाचा, रेणू नसलेला, कोरा थेंब ठेवायचा आणि बघायचं. काही दिसता कामा नये. त्यात अर्धा दिवस जातो, म्हणून सरांनी ती शिस्त केव्हाच गुंडाळली होती. "रिकामं ताट काय बघायचं?" असं म्हणायचे, आणि सगळे हसायचे. हसणाऱ्यांत बाईही होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी कोरा थेंब ठेवायला लावला. सुई फिरली. पडद्यावर ओळी आल्या. त्याच, तेवढ्याच अंतराच्या, देखण्या.

ओकारी येईल म्हणून बाई बेसिनपाशी जाऊन उभ्या राहिल्या. वास कशाचाच नव्हता.

द्राव प्लास्टिकच्या बाटलीत ठेवलेला होता. प्लास्टिक साच्याला चिकटू नये म्हणून त्यात एक मेणकट पदार्थ मिसळतात. तो तेलकट द्रावात हळूहळू उतरतो, आणि ग्राफाइट दिसलं की ओळीत जाऊन बसतो. हे नक्की करायला बाईंना चार दिवस लागले. पाचव्या दिवशी त्यांनी काचेची बाटली आम्लाने धुतली, नवा द्राव घेतला, त्यात आपला अठरा वर्षांपूर्वीचा रेणू विरघळवला आणि थेंब ठेवला. पडद्यावर नुसतं ग्राफाइट होतं. त्यांचा रेणू तिथे टेकलासुद्धा नव्हता.

"कोऱ्या थेंबावर ओळी आधी कधी दिसल्या होत्या?" त्यांनी विचारलं.

सुईवाल्याने मान खाली घातली. "दोनदा. कोरा थेंब बंद व्हायच्या आधी. सर म्हणाले, सुई आधीच्या नमुन्याने बरबटली असेल, टाकून दे चित्र."

"आणि तुम्ही टाकलंत."

"टाकलं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस अठरा वर्षं रोज त्यांच्यासोबत चहा पीत होता. काचेच्या जागी प्लास्टिक कोणाच्या सांगण्यावरून आलं, त्याचं नाव काढायचंच असं ठरवून त्यांनी सामानाच्या मागण्यांची जुनी वही उघडली. चित्राच्या बरोब्बर एक महिना आधीची मागणी होती. कारण लिहिलं होतं: आम्लाने काच धुताना हात पोळतात. खाली सही बाईंचीच होती. आपलेच दात, आपलेच ओठ. वही मिटून त्या कितीतरी वेळ आपले हात बघत बसल्या.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग दार लावलं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. कोणाचं काही बिघडलंय का? तुम्ही सुखाने निवृत्त व्हा."

"सर, ते चित्र बाटलीचं आहे."

"त्यावर तुमचंही नाव आहे."

"म्हणूनच म्हणते. लेख मागे घ्या."

सरांनी इतक्या गोड आवाजात "बघू" म्हटलं की बाईंना त्यापेक्षा कच्च्या मालाची बाटली हुंगलेली परवडली असती. त्यांनी बघू दिलं नाही. घरी येऊन लेख छापणाऱ्या मासिकाला पत्र लिहायला बसल्या. आम्ही तिघांनी चूक केली, असं लिहिलं. नवऱ्याने पत्र वाचलं, भिंतीवरचं चित्र बघितलं.

"म्हणजे मी इतकी वर्षं गॅलरीत कपडे वाळत घातले ते बाटलीच्या मेणासाठी?"

"हो."

तो हसेल असं बाईंना वाटलं होतं. तो हसला नाही. "पाठव," म्हणाला आणि उठून आत गेला.

मासिकाने सरांना विचारलं. निवृत्तीच्या आदल्या दिवशी सरांनी बाईंपुढे एक कागद ठेवला. लेख मागे घेत असल्याचं निवेदन होतं, तीनच ओळींचं. नमुने तयार करणाऱ्या सहकारी बाईंनी स्वतः मागवलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांमुळे नमुना दूषित झाला. सर आणि सुईवाला यांना खेद आहे. टाकून दिलेल्या चित्रांचा उल्लेख नव्हता, गुंडाळलेल्या शिस्तीचाही नव्हता.

"तिघांच्या सह्या लागतात," सर म्हणाले. "नाहीतर लेख आहे तसा राहील. माझी काही हरकत नाही."

बाईंनी कागद तीनदा वाचला. खोटा शब्द त्यांना सापडेना. एक सापडला असता तर त्यांनी तो कागद सरांच्या तोंडावर फेकला असता. सव्वीस वर्षांत इतकी घाण त्यांनी हातात धरली नव्हती. पण सही केली नाही तर ते नारिंगी चित्र दारात तसंच राहणार होतं, आणि येणारीजाणारी पोरं त्याच्यापुढे उभं राहून शिकणार होती.

त्यांनी सही केली.

दोन महिन्यांनी निवेदन छापून आलं. नवऱ्याने मोठ्याने वाचलं. जबाबदारी ज्याची, त्याचं नाव आधी, असा त्या मासिकाचा नियम होता. पहिलं नाव बाईंचं होतं.

"चित्र काढू का?" त्याने विचारलं.

"काढ."

खिळा निघाला, भिंतीवर चौकोन उरला. नवरा धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन गॅलरीकडे निघाला आणि दारातच थबकला. बाईंनी आपली बाही नाकाशी नेली.

"बाहेरच घाल," त्या म्हणाल्या. "येतोय अजून."