शेगडीतली पांढरी राख

माझी मुलगी आता दुसऱ्या राज्यात प्रोफेसर आहे. वस्तू कशाची बनली आणि तापवल्यावर तिचं काय होतं, हे ती शिकवते. त्याला मटेरियल सायन्स म्हणतात. तिची स्वतःची भट्टी आहे, हाताखाली संशोधन करणारी मुलं आहेत. मला मात्र तिचे पीएच.डी.चे दिवस आठवतात. तेव्हा तिचं निम्मं काम आमच्या गावी, दवनीवाड्याला, घरच्या अंगणात व्हायचं.

तिचा विषय होता धानाच्या कोंड्याची, म्हणजे भाताच्या तुसाची राख. राईस मिलमधून कोंड्याचं पोतं आणायचं. टिनाच्या शेगडीत मधोमध बाटली उभी करून भोवती कोंडा दाबून भरायचा, मग बाटली अलगद ओढून घ्यायची. त्या पोकळीत निखारा टाकला की कोंडा दिवसभर धुमसत राहतो. राख पांढरी निघते, कुठे कुठे गुलाबीही. कॉलेजच्या भट्टीत तिची पहिली राख काळी निघाली होती.

"माय, तुझी काऊन पांढरी होते?"

"तू घाई करून राहिली, बाई."

मग ती सुट्टीत यायची आणि माझ्या शेगडीतली राख बरण्यांत भरून न्यायची.

अशाच एका सुट्टीत तिला ताप आला. उतरेना. ती झोपली असताना मी मूठभर मीठ आणि मिरच्या तिच्यावरून उतरवल्या आणि शेगडीत टाकल्या. तिच्या कामाचा कोंडा त्यातच जळत होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ध्यानात आलं तेव्हा ती बरण्या घेऊन गेली होती. हसेल म्हणून बोलले नाही.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "माय, आपल्या राखेत सोडियम लय निघालं, मिठात असते ते. भट्टीत काचेसारखी चिकटली. माझे गाईड सर म्हणतात, तिकडच्या धानाचा गुणच असंल. आता छापायला पाठवून राहिलो."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिच्या नावाने खोटं छापून येणार होतं, आणि ते एकट्या मला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी मी स्वतः फोन लावला.

"तो धानाचा गुण नोहे, बाई. मीठ मी टाकलं."

"किती?"

"मूठभर. तुझी नजर उतरवली होती."

"सरले काय सांगू आता? मायनं नजर काढली म्हणून?"

"तसंच सांग."

तिने तसंच सांगितलं. छापणं थांबलं, तेवढे महिने वाया गेले. दिवाळीत ती आली तेव्हा माझ्याशी दोन दिवस धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन शेगडीजवळ बसली. कोंडा कोणत्या मिलचा, निखारा कशाचा, टिनात आधी काय ठेवलं होतं, सगळं विचारून लिहून घेतलं. इतकं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. बोलता बोलता माझी भीड गेली. पुढे ती परत गेल्यावर मी शेगडी पेटवली की तिला फोनवर सगळं सांगायचे, काही वगळायचे नाही.

आता राख लागत नाही. तरी तिचा फोन आला की सकाळपासून काय काय केलं ते मी क्रमाने सांगते. ती कामात असते, मला कळतं. पण अजून तिने मला मध्येच थांबवलेलं नाही.