इंदापूरला दिलेली मशीन

त्या कंपनीवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

बारामतीत माझ्या दाजींचा लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ आहे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो दाजींमुळे. कॉलेज सुटलं की मी तिथं एडिटिंग करायचो आणि माझी फी ते भरायचे. सगळं काम एका परदेशी कंपनीच्या मोठ्या डेस्कटॉपवर चालायचं. आमचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर उघडतही नसे. कंपनीनं नवं मॉडेल 'लवकरच' आणतो म्हणून जाहीर केलं, पुण्याच्या डीलरनं पुढच्याच महिन्याचा शब्द दिला, आणि दाजींनी जुनी मशीन इंदापूरच्या एका स्टुडिओवाल्याला विकून टाकली. आमच्याकडं ट्रॅक्टरचंही असंच करतात. नवा बाजारात आला की जुन्याला कुणी विचारत नाही, म्हणून आधीच काढायचा.

टेबल रिकामं झालं. महिना गेला, दिवाळी गेली, लग्नसराई आली. मी कंपनीला इंग्रजीत मेल लिहायचो, डिक्शनरी बघून, अगदी नम्रपणे, आम्ही किती जुने ग्राहक आहोत ते सांगून. उत्तर दर वेळी शब्दशः तेच: तुमचा संयम आमच्यासाठी मोलाचा आहे. मोलाचा कसला, त्यांना तो फुकट मिळत होता.

"दाजी, दुसऱ्या कंपनीची घेऊ," मी म्हणालो.

"गप. इतक्या वर्सांत कधी दगा दिलाय का त्यांनी?"

पणदऱ्याचे तात्या हे आमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या थोरल्या दोघा मुलांच्या लग्नांचं शूटिंग आम्हीच केलेलं. आता धाकट्या लेकीच्या हळदीला मांडवातल्या एलईडीवर तिची प्री-वेडिंग फिल्म लागणार होती. शूटिंग भिगवणला पाण्याकाठी झालंही होतं, पण त्याच कंपनीच्या आमच्या जुन्या लॅपटॉपवर एडिटिंग पुढं सरकेना. तात्या दुकानात आले, रिकाम्या टेबलाकडं बघत उभे राहिले.

"तुमी कंपनीची वाट बघताय आन् आमी तुमची. हळदीला मान्सं काय मोकळा पडदा बघत बसत्याल?"

तात्यांचं गिऱ्हाईक तुटलं तर त्यांची सगळी भावकी तुटणार, हे दाजींना कळत होतं. हळदीच्या दिवशी सकाळी त्यांनी मला मोटारसायकलवर घातलं आणि इंदापूर गाठलं.

इंदापूरवाल्यानं दारातच हात जोडले. "या पाव्हणं. पर लेक एकदा दिली की माहेरच्यांनी सारखं येऊ न्हाय."

"आजच्या दिवस बसू द्या," दाजी म्हणाले.

"बसा की. फकस्त फिल्मच्या शेवटी नाव माझ्या स्टुडिओचं टाकायचं. लाईट माझी, मशीन माझी."

"अहो, पण काम आमचं..." मी तोंड उघडलं.

"मग करा की तुमच्या टेबलावर, ग्रॅज्युएटसाहेब."

दाजी भिंतीकडं बघत मला म्हणाले, "टाक त्यांचं नाव."

मी बसलो. कीबोर्डवरची अक्षरं माझ्याच बोटांनी पुसलेली होती. तो मागं उभा राहून शेंगदाणे खात होता आणि मधूनच, "गाणं जरा वाढवा," असं फर्मान सोडत होता. दाजी बाहेर पायरीवर बसून राहिले.

संध्याकाळी फिल्म लागली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, नवरी लाजली. शेवटी पडदाभर इंदापूरवाल्याचं नाव झळकलं. तात्यांनी वळून आमच्याकडं पाहिलं आणि ते पुन्हा पाहुण्यांत मिसळले.

कंपनीचं मॉडेल अजून आलेलं नाही. दाजींनी अखेर दुसऱ्या कंपनीची मशीन घेतली, मी नवं सॉफ्टवेअर शिकलो. तात्यांच्या पुतण्याचं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा मी आपणहून फोन केला.

"इंदापूरवाल्याला सांगितलंय," तात्या म्हणाले.

"तात्या, इतक्या वर्षांचं आपलं..."

"आरं, वर्सं हायती की. पर तुमची ती मशीन त्याच्याकडं हाय. मग तुमच्याकडं काय ऱ्हायलंय?"