अक्कांच्या घरातलं भूत

"बठ्ठं खोटं शे. पन दखा," म्हणजे सगळं खोटं आहे, पण बघा, असं म्हणत अक्का पदराने टीव्ही पुसायच्या आणि सिनेमा लावायच्या. तुमच्याही ओळखीत असं एखादं घर असेल, जिथे गेलं की लग्नाचा अल्बम बघितल्याशिवाय सुटका नसते. आमच्या देवपूरच्या गल्लीत अक्कांकडे गेलं की भुताचा सिनेमा बघावा लागे. मी तो इतक्या वेळा पाहिलाय की त्या भुताशी माझी आता घरगुती ओळख झाली आहे.

सिनेमा अक्कांच्याच घरात काढलेला. दिवाळीच्या सुटीत एक कुटुंब भाड्याच्या घरात राहायला येतं, लावलेल्या पणत्या आपोआप विझत जातात आणि पुढचा सगळा सिनेमा अंधारात चालतो. अंधारही असा, की पहिल्यांदा पाहताना आम्ही टीव्ही बिघडला म्हणून त्याला मागून थापा मारल्या होत्या. आपल्या गल्लीतलं घर पडद्यावर दिसणार म्हणून सगळे नटूनथटून जमले होते. डोंगर पोखरून उंदीर निघाला. नंतर अक्कांखेरीज कोणी त्या सिनेमाचं नावही काढलं नाही.

अक्कांचा त्या सिनेमावर राग होता, पण तो वेगळ्या कारणाने. शूटिंगवाल्यांनी बैठकीत खोटी जळमटं लावली होती. अक्कांनी पहाटे उठून ती सगळी झाडून काढली. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला. "मन्हा घरमा जळमटं? लोके काय म्हनतीन?" अक्कांनी त्यालाच विचारलं. घरात भूत दाखवलेलं त्यांना चाललं, जळमटं चालेनात. शेवटी स्वयंपाकघर सोडून कुठेही लावा, अशी तडजोड झाली. म्हणून त्या सिनेमात ते बाईचं भूत घरभर फिरतं, पण स्वयंपाकघराच्या दारापाशी आलं की तिथेच थांबतं. आत सगळं झाडूनपुसून लख्ख आहे.

त्यांचे यजमान, आमचे नाना, वारल्यावर पुण्याचा मुलगा म्हणू लागला, आई, घर विकू, तू आमच्याकडे ये. मुलगा वाईट नव्हता. आई एकटी, पडली-झडली तर कोण बघणार, ही त्याची काळजी खरी होती. अक्कांना मात्र हे घर सोडून कुठेही जायचं नव्हतं. पण तसं त्या मुलाला कधी बोलल्या नाहीत. "ईक बाबा," एवढंच म्हणाल्या.

मग एजंट गिऱ्हाइकं आणू लागला. अक्का सगळ्यांची उठबस करायच्या, चहा द्यायच्या, तळलेल्या बिबड्या, आमच्याकडचे ज्वारीचे पापड, पुढे ठेवायच्या. मग खिडकीवर चादर टांगायच्या, कारण दुपारच्या उजेडात त्या सिनेमातलं काहीच दिसत नसे. मला हाक यायची, "भाऊ, ये, मधमा बस." मीही बिबड्यांच्या आशेने जाऊन बसायचो. थोड्या वेळाने गिऱ्हाईक हळूच विचारायचं, "ही खोली म्हणजे हीच का?"

"हीच. पन बठ्ठं खोटं शे," अक्का शांतपणे सांगायच्या.

आता तुम्हीच सांगा, एकटी राहणारी बाई आपणहून म्हणते की इथे भूत नाही, तर कोणाचा विश्वास बसेल? भडगावचे एक व्यापारी चहा अर्धा ठेवून उठले. साक्रीचे विज्ञानाचे शिक्षक म्हणाले, मी असलं काही मानत नाही, बायकोशी बोलून कळवतो. ते बहुधा अजून बोलताहेत.

एजंट एकदा माझ्यापाशी येऊन रडगाणं गाऊन गेला. मग मी अक्कांना सरळ विचारलं, "हे तुम्ही मुद्दाम करता ना?"

"मी कोनले खोटं सांगं का?" त्यांनी कढईतली बिबडी उलटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरगाले माले नही म्हनता येत नही, भाऊ. मंग भूतच नही म्हनी देस."

मला हसू आलं, आणि खूप वाईटही वाटलं. पुढच्या वेळी गिऱ्हाईक आलं तेव्हा मी मधे बसून जरा जास्तच दचकलो.

ते गिऱ्हाईक म्हणजे एक मुसलमान सुतार आणि त्याची बायको. नवरा सारखा दाराची चौकट बघत होता, लाकूड सागाचं आहे का म्हणून. बायको मात्र मन लावून सिनेमा बघत होती. भूत स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबलं, तशी ती कळवळून म्हणाली, "बेचारी कबसे खडी है. किसीने चाय तक नहीं पूछी."

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. मग उठून सिनेमा बंद केला आणि खिडकीवरची चादर काढली. "पुढे काही नही त्यामा," त्या म्हणाल्या आणि तिला हाताला धरून स्वयंपाकघर दाखवायला घेऊन गेल्या. मी आणि सुतार बिबड्या खात बसलो. बाहेर आल्यावर अक्का एजंटला म्हणाल्या, "घर हिलेच देनं शे."

गल्लीत थोडी कुजबुज झाली. अक्कांनी ती ऐकू येत नाही असं दाखवलं. दिवाळीच्या आधीच मुलगा गाडी घेऊन आला आणि त्या पुण्याला गेल्या.

यंदा मी तो सिनेमा पुन्हा पाहिला, एकट्याने. इतका वाईट तो पूर्वी कधी वाटला नव्हता. त्या कोपऱ्यात माझं ज्वारीचं पिंप होतं, ते या शूटिंगवाल्यांनी कुठे नेलं, असं मधेमधे विचारणाऱ्या अक्का शेजारी नव्हत्या, त्यामुळे कथा ऐकावी लागली. शेवटी न राहवून मी पुण्याला फोन लावला.

"अक्का, आपला सिनेमा पाहिला का तिकडे?"

"नातूनी लायेल व्हता. मी मधमाच ऊठी गऊ. भ्याव वाटनं."

"तुम्हाला? त्या भुताचं?" मी हसलो.

अक्का हसल्या नाहीत.

"तठलं बठ्ठं घर माले पाठ व्हतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "आठे पुण्यामा अंधारमा उठनू, ते कोनतं दार कोठे शे, समजत नही."