मूठ अडेल एवढी फट

मावशी दोन दांड्यांच्या मध्ये मूठ घालून बघत होती. मूठ आत गेली. तिनं शिवी हासडली, ग्राइंडर उचलला आणि अख्खी दांडी उडवली.

"परत लाव," मला म्हणाली.

आम्ही चिलखती गाड्यांना जाळ्या लावायचो. मी शाळा सोडली तेव्हा तिनंच मला डेपोत चिकटवलं. रॉकेटचं टोक गाडीवर आपटलं की आतल्या तांब्याची धार होते, जाड पोलादातनं आरपार जाते. म्हणून गाडीपासून हातभर पुढे दांड्यांची जाळी. रॉकेट तिच्यात अडकून चेपलं तर कधीकधी फुटत नाही. कधीकधीच. हा शब्द मावशीला चालायचा नाही, कारण तसली एक गाडी तिचा पोरगा चालवायचा.

ती गाडी आली तेव्हा तिनं कुणाला हात लावू दिला नाही. ड्रायव्हरचं दार मोकळं सोडायचं असतं. तिनं त्यावरपण जाळी मारली, बिजागरीवर उघडेल अशी.

दादा बघून हसला. "आई, कोंबडी समजलीस काय मला?"

"कोंबडीला अक्कल असते. गप आत बसते."

"आणि कंटाळा आला तर?"

"झोपायचं."

दादा परत आला नाही. पलटणीतले साहेब घरी आले, म्हणाले, गाडीवर रॉकेट मारलं. पुढचं मावशीनं ऐकलंच नाही. एकच विचारलं, "कुठला जोड सुटला?" साहेबाला काय डोंबल कळणार.

त्यानंतर तिनं वेल्डिंगला हात लावला नाही. डेपोत झाडू मारते. "खालचा असणार," मध्येच म्हणते. "तिथं माझा हात नीट पोचत नव्हता."

"मावशे, तुझा जोड हत्तीनं ओढला तरी सुटायचा नाही."

"मग पोरगा कुठाय माझा?"

एक फिटर तिच्या कामाला नावं ठेवत होता. त्याचं नाक फोडलं मी.

पुढं कधीतरी दादाच्या गाडीतला गनर कुबड्या घेऊन डेपोत आला. मावशीकडे जायचा त्याला धीर होईना, म्हणून मला बाजूला घेऊन बोलला. रॉकेट जाळीत अडकलं होतं, फुटलंच नव्हतं. दादानं दचकून गाडी वळवली आणि ती कालव्यात कलंडली. बाकीचे मागनं निघाले. ड्रायव्हरला तेवढं एकच दार, आणि त्यावरची जाळी चेपून दारातच रुतलेली. पाणी चढत होतं. त्यांनी बाहेरनं पहारी घालून ओढलं.

एकही जोड सुटला नाही.